दसऱ्याच्या दिवशी मुकी झालेली दुनळी

१. खट्!

कांचनने चाप ओढला तेव्हा मैदान दणाणायला हवं होतं. आवाज आला तो नुसता खट्.

मातीची चकती आभाळात भिरभिरत गेली आणि पलीकडच्या गवतात सुखरूप उतरली. कांचनने दुसऱ्या नळीचा चाप ओढला. पुन्हा खट्.

"कोणी हलू नका!" नीळकंठ मास्तर ओरडले. "कांचन, नळी समोरच राहू दे. बंदूक उघडू नकोस. कधीकधी बार उशिरा उडतो."

सगळे होते तिथेच थिजले. चकत्यांच्या कुतूहलापोटी आलेली वसाहतीतली पोरंसुद्धा लिंबाच्या झाडाखाली श्वास रोखून बसली. बराच वेळ गेला, बार काही उडाला नाही. मग मास्तर पुढे झाले, त्यांनी बंदूक कांचनच्या हातातून घेतली, मधोमध मोडून उघडली आणि दोन्ही काडतुसं बाहेर काढली. नवी काडतुसं घातली. खट्. आणखी दोन घातली. तरी खट्.

"झालं!" विजय साठ्ये म्हणाला. "म्हातारीने दसऱ्याला मौन धरलं."

कोणी हसलं नाही. कांचनचा चेहरा पाहून हसण्याची सोयच नव्हती.

तेव्हा भोपाळ नव्या राज्याची राजधानी होऊन थोडीच वर्षं झाली होती. रायसेन रोडच्या अंगाला विजेची अवजड यंत्रं बनवणारा कारखाना उभा राहत होता, आणि पुण्यामुंबईकडून बदलून आलेली मराठी कुटुंबं नव्या क्वार्टर्समध्ये संसार लावत होती. त्यातल्याच हौशी लोकांनी नेमबाजी मंडळ काढलं. शिकार नाही, जीव घेणं नाही. स्प्रिंगच्या यंत्राने मातीची चकती हवेत उडवायची आणि छर्ऱ्यांनी ती फोडायची, एवढाच खेळ. मंडळाजवळ पैसे एकाच बंदुकीपुरते होते, आणि ती कोणती घ्यावी हे ठरवायला दोन बंदुका पारखून पाहायचं चाललं होतं.

एक होती विजयच्या मामांची. विलायती, चांदीच्या नक्षीची, लांब दस्त्याची, वजनाला चांगलीच जड. दुसरी मन्नान खाँ नावाच्या जुन्या शहरातल्या निवृत्त शिकाऱ्याची. साधी दुनळी, नक्षी नाही, दस्त्यावर दोन ओरखडे. पण हलकी, आणि किंमत मामांच्या बंदुकीच्या निम्मी.

चकत्या फोडण्यात कांचनचा हात मंडळात कोणी धरत नव्हतं. ती कारखान्यात नकाशे काढायची. पुढच्या महिन्यात राज्याची स्पर्धा होती आणि मंडळाच्या बंदुकीनेच तिला उतरायचं होतं. मामांची बंदूक खांद्याला लावली की तिचा गाल दस्त्यावर पोचायचाच नाही आणि चार चकत्यांत हात भरून यायचे. मन्नान खाँची आली तर कांचन स्पर्धेत. मामांची आली तर कांचन प्रेक्षकांत. इतकं ते सरळ होतं.

मंडळाचे चिटणीस सुभाष करमरकर नियमाचे पक्के. ते घसा खाकरून म्हणाले, "परीक्षेत बार न उडालेली बंदूक घ्यायची नाही, असं आपणच ठरवलंय. पाच वाजता बैठक. मामांच्या बंदुकीचा ठराव मांडावा लागणार."

"पण परवापर्यंत हीच बंदूक एक चकती सोडत नव्हती!" कांचन म्हणाली. "परवा चांगली आणि आज मुकी? मध्ये कोणीतरी काहीतरी केलंय."

आणि तिने सरळ विजयकडे पाहिलं.

२. टोपीवरचा ठिपका

नीळकंठ देवस्थळी पुण्याच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले होते आणि मुलाकडे भोपाळला राहायला आले होते. उत्तर ठाऊक असलं तरी ते लगेच सांगायचं नाही, ही त्यांची जुनी खोड. ते न उडालेली काडतुसं घेऊन लिंबाखाली पोरांमध्ये जाऊन बसले.

"सांगा पाहू, बार उडाला नाही. दोष कोणाचा असेल?"

"काडतुसाचा!" पोरं एका सुरात म्हणाली.

"तपासू या." मास्तरांनी तीच काडतुसं मामांच्या बंदुकीत घातली आणि सुभाषरावांना रिकाम्या माळावर झाडायला लावली. धाड्! धाड्! पोरांनी कानावर हात ठेवले आणि टाळ्या वाजवायच्या म्हणून लगेच काढले.

"म्हणजे काडतूस निर्दोष. आता हे शिल्लक राहिलेलं बघा. मागे मधोमध ही तांब्याची टोपी दिसते? बंदुकीच्या आतून एक पोलादी सुई येऊन हिच्यावर आपटते, टोपीत ठिणगी पडते, दारू पेटते. या टोपीवर काय दिसतंय?"

एक मुलगी वाकून म्हणाली, "बारीकसा ठिपका आहे."

"आणि हे परवाचं उडालेलं रिकामं काडतूस."

"याच्यावर खड्डाच आहे!"

"शाब्बास. म्हणजे आज सुई आली, पण दबकत आली. कोणीतरी तिला मागे धरलं होतं."

एवढ्यात सायकलवरून मन्नान खाँ आले. पांढरी दाढी, काळी टोपी, तोंडात पान. बातमी त्यांना वाटेतच कळली होती. त्यांनी भोपाळी ढंगात हाक घातली.

"को खाँ मास्टर साहब, ये क्या सुन रहा हूँ? मेरी बंदूक बोली नहीं?"

"नहीं बोली, खाँसाहेब."

"मैं बुड्ढा हो गया, वो नहीं हुई." खाँसाहेबांचा आवाज दुखावला होता. "आपने खुद देखी थी."

ते खरं होतं. ही दुनळी मास्तरांनीच पसंत केली होती, आणि उगाच नाही. त्यांनी नळ्या उजेडाकडे धरून आतून पाहिल्या होत्या. आरशासारख्या स्वच्छ, गंजाचा एक खळगा नाही. नळ्या काढून दोरीला टांगून टिचकी मारली होती. देवळातल्या घंटेसारखा स्वच्छ नाद आला, म्हणजे सांधे पक्के. बंद बंदूक हलवून पाहिली. बिजागरी खुळखुळली नाही. मग कांचनला डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायला सांगितलं होतं आणि लावल्यावर डोळे उघडायला. डोळा बरोबर नळीच्या रेषेत आला. "कपडा अंगाला बसावा लागतो, तशी बंदूक खांद्याला," असं ते तेव्हा म्हणाले होते. शिवाय तिची काडतुसं चौकातल्या दुकानात हवी तेव्हा मिळायची.

आता मास्तरांनी बंदूक उघडून खाँसाहेबांसमोर धरली. नळ्या पुढे झुकल्या की मागच्या पोलादी भिंतीवर दोन बारीक भोकं दिसत. सुया तिथूनच बाहेर येत. मास्तरांनी खिशातलं भिंग काढलं, पाहिलं, आणि एका भोकातून टाचणीने काहीतरी खरवडलं. फिकट, वाळून दगड झालेली चिमूटभर पूड. ती ओल्या बोटावर घेऊन त्यांनी वास घेतला. मग बोट खाँसाहेबांच्या नाकाशी नेलं.

खाँसाहेबांच्या भुवया वर गेल्या. "ये तो... संदल है!"

चंदन. पूजेचं उगाळलेलं गंध. तेही बाहेर नाही, बंदुकीच्या पोटात.

३. तिघांपैकी एक

"काल खंडेनवमी," मास्तर सुभाषरावांना म्हणाले. "दोन्ही बंदुका पूजेला होत्या."

"मंडळाच्या खोलीत, पाटावर," सुभाषराव म्हणाले. "सकाळी मीच पूजा केली. संध्याकाळी कुलपात ठेवल्या. किल्ली माझ्या जानव्याला. रात्री आंघोळीला गेलो तरी सोबत होती."

"गंध कुठे लावलंत?"

"दस्त्यावर. बाहेरून. मास्तर, मी यंत्रं तपासणारा माणूस आहे, आत चिखल कसा घालीन?"

त्यांनी मास्तरांना घरात नेऊन आपल्या अवजारांची पूजा दाखवली. सूक्ष्म माप घेण्याचं यंत्र मखमली पेटीत बंद होतं आणि गंधाचा ठिपका पेटीच्या झाकणावर. "आत बोटही लागलं तर माप चुकतं," ते अभिमानाने म्हणाले.

"दिवसभर खोलीत कोण होतं?"

"दुपारी मी जेवायला गेलो तेव्हा विजयला दाराशी बसवलं होतं. बाकी कोणी नाही. हां, कांचनच्या आई नैवेद्य घेऊन येणार होत्या."

विजय आपल्या खोलीत आरशासमोर भांग पाडत होता. त्याची गणिताची सरकपट्टी चामड्याच्या म्यानात होती, गंध म्यानाला. सायकलीचं गंध घंटीला.

"या मास्तर! बेडी आणलीत? दसऱ्याचा मुहूर्त चांगला आहे."

"तुला मामांची बंदूक खपवायची होती ना?"

"होती. मामा मला त्या पैशातून मोटारसायकलला मदत करणार होते. लपवतो कशाला?" विजयचा हसरा चेहरा जरा उतरला. "पण मला बंदूक बिघडवायची असती तर गंध कशाला उगाळत बसू? मी इंजिनिअर आहे, नुसती स्प्रिंग काढून खिशात घातली असती. कांचन माझ्याशी बोलत नाहीये, मास्तर. मघाशी लबाड म्हणाली मला. तेही हिंदीत, म्हणजे सगळ्यांना समजावं म्हणून."

"काल दुपारी काय झालं?"

"लीलावतीकाकू आल्या. शिरा घेऊन. मी दोन वाट्या खाल्ला आणि..." तो ओशाळला. "खुर्चीत डोळा लागला. जागा झालो तेव्हा काकू फुलं नीट करत होत्या. पण त्यांचा प्रश्नच नाही! त्या बंदूक दिसली की पदर सावरून पलीकडच्या बाजूने जातात. 'मुलीने बंदूक धरायची म्हणजे काय ते!' हे त्यांचं रोजचं. वसाहतीत कोणालाही विचारा."

मास्तर दारात थबकले. ज्या बाईला मुलीने बंदूक धरलेली खपत नाही, ती बाई त्याच बंदुकीपाशी एकटी. हे चांगलं लक्षण नव्हतं. आणि पाच वाजायला फारसा वेळ उरला नव्हता.

४. उघडा अडकित्ता

कांचनचे वडील कामासाठी नागपूरला गेले होते. घरी मायलेकी दोघीच. कांचन आतल्या खोलीत दार लावून बसली होती. लीलावतीबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या.

"या मास्तर. बसा. आमचं रत्न सकाळपासून फुरंगटलंय. काय झालं ते सांगत नाही. बिनसलं असेल काहीतरी त्या ठो-ठो खेळात."

म्हणजे बार उडाला नाही हे बाईंना ठाऊकच नव्हतं! मास्तरांनी ते मनात टिपून ठेवलं आणि इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात खंडेनवमीची मांडामांड अजून तशीच होती. मास्तर पाहतच राहिले.

शिवणयंत्राचं लाकडी झाकण काढलेलं होतं, आणि गंध यंत्राच्या पाठीवर नव्हतं. खालची पोलादी पट्टी सरकवून आत, जिथे बॉबिन फिरते तिथे होतं. कात्री उघडी, ठिपका पात्यांच्या आतल्या बाजूला. अडकित्ता आ वासून पडलेला, ठिपका धारेशी. नवऱ्याच्या शाईच्या पेनचंसुद्धा टोपण काढून निबाच्या खाली एक नाजूक टिकली.

"वहिनी, हे सगळं असं उघडं का मांडलंय?"

"म्हणजे? पूजा अशीच करतात ना!" लीलावतीबाईंना प्रश्नाचंच नवल वाटलं. "आमच्या माहेरी जुनी तलवार आहे. खंडेनवमीला बाबा ती म्यानातून उपसायचे आणि पात्याला गंध लावायचे. मी लहानपणी एकदा म्यानालाच लावलं तर म्हणाले, 'पोरी, काम पातं करतं आणि मान म्यानाला?' तेव्हापासून मी काम करणारी जागा शोधते. इथले लोक झाकणांना गंध लावतात. झाकणं काय कापतात का शिवतात?"

मास्तर अडकित्त्यापाशी वाकले.

"बरोबर आहे. पण काही वस्तू उघडता येत नाहीत. आता बंदूकच घ्या."

"का नाही येत? तो वरचा खटका उजवीकडे..." लीलावतीबाईंचा अंगठा हवेत उजवीकडे सरकला, आणि तिथेच थांबला. त्यांनी हात घाईने पदरात लपवला. "मला काय ठाऊक! कांचन घरी बडबडते, ते कानावर पडतं."

"पाच वाजता मंडळाच्या खोलीत याल?"

"मी? बंदुकांच्या सभेत? शेजारीपाजारी काय म्हणतील!"

"कांचनचं काम अडलंय," मास्तर एवढंच म्हणाले आणि निघाले.

५. पाटावरचा उलगडा

पाच वाजता खोली भरली. सुभाषराव टेबलामागे, विजय भिंतीला टेकून, कांचन त्याच्याकडे पाठ करून. मन्नान खाँ खुर्चीच्या काठावर ताठ बसले होते. सर्वांत शेवटी लीलावतीबाई आल्या आणि दाराच्या चौकटीपाशीच उभ्या राहिल्या. कांचनने आश्चर्याने मान वळवली.

"बंदुकीच्या सुया गंधाने अडकल्या," मास्तरांनी सुरुवात केली. "सकाळपासून आपण विचारतोय, बंदूक कोणी बिघडवली? माझ्या मते प्रश्नच चुकला. बिघडवणारा माणूस मेण घालेल, वाळू घालेल, स्प्रिंग काढेल. हे गंध दोन्ही भोकांवर सारखं, गोल, मधोमध लावलेलं होतं. भिंगातून कडा दिसतात. आणि आतल्या खाचेत ही अडकली होती." त्यांनी कागदाची पुडी उघडली. कुंकू लागलेला तांदळाचा एक दाणा. "बंदूक बिघडवायला आलेला माणूस अक्षता वाहत नाही."

खोलीत कुजबुज झाली.

"म्हणजे ही पूजा. मग पूजा करणारा कोण? सुभाषराव पेटीच्या झाकणाला गंध लावतात. विजय म्यानाला लावतो. दोघांच्याही हातून गंध बाहेरच राहिलं असतं. ज्याच्या लेखी अवजार म्हणजे त्याचा आतला, काम करणारा भाग, असाच माणूस बंदूक उघडून गंध लावील. आणि एक गोष्ट. दोन बंदुकांपैकी त्याने एकच उघडली. मामांच्या बंदुकीत गंधाचा कणही नाही. जिच्यावर कांचनची स्पर्धा अवलंबून होती तिलाच तेवढा मान मिळाला. आता या माणसाचं नाव मी सांगणार नाही. काही गोष्टी ज्याच्या त्याने सांगाव्यात."

मग चौकटीपाशी बांगड्या वाजल्या.

"मीच ती," लीलावतीबाई म्हणाल्या.

"आई?" कांचन उठूनच उभी राहिली. "तू? तुला तर मी बंदूक धरलेली बघवत नाही!"

"बघवत नाही कोण म्हणालं? उघड कौतुक करवत नाही. शेजारणींपुढे काहीतरी बोलावं लागतं, म्हणून बोलते." त्यांचा आवाज चढला, कारण तो कापू लागला होता. "तू घरी झाडूचा दांडा खांद्याला लावून सराव करतेस, खटका कसा सरकवायचा ते पुटपुटतेस, ते मी स्वयंपाकघरातून रोज बघते. काल विजय घोरत होता. मी म्हटलं, सगळे हिला वरवर गंध लावून गेले. उघडली, तर आत दोन डोळ्यांसारखं दिसलं. म्हटलं, यांना लावू. यांनी माझ्या लेकीकडे नीट लक्ष द्यावं. मला काय माहीत ते डोळेच मिटतील!"

मग मन्नान खाँ खो-खो हसू लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, पान सांभाळावं लागलं.

"बहनजी, इस बंदूक की नज़र उतारने वाली आप पहली हैं! मैं तो समझा था किसी दुश्मन का काम है, निकली दुआ!"

लीलावतीबाईंनी आधी रागाने पाहिलं आणि मग त्यांनाही हसू आवरेना. कांचन आईजवळ गेली, पण काही बोलायच्या आधी वळून म्हणाली, "विजय, माफ कर. लबाड म्हणाले ते चुकलं."

"मराठीत माफी?" विजय म्हणाला. "आरोप हिंदीत होता. तेवढ्याच लोकांना समजू दे की!"

"माफ कर दो भैया," कांचन म्हणाली, आणि 'भैया' ऐकून विजयचं तोंड असं झालं की खोली पुन्हा हसली.

सुभाषराव मात्र हसले नाहीत. "सगळं गोड आहे. पण नियम तोच आहे. परीक्षेत बार उडाला नाही."

"बरोबर," मास्तर म्हणाले. "पण आपण परीक्षा बंदुकीची घेतो की गंधाची? भरवशाची बंदूक म्हणजे कधीच न अडणारी नव्हे. तशी कुठेच मिळत नाही. अडली तर का अडली ते कळावं, आणि आपल्या हातांनी दुरुस्त व्हावी, ती भरवशाची. खाँसाहेब, किती वेळ लागेल?"

खाँसाहेबांनी खिशातून पेचकस काढलाच होता. सुया बाहेर आल्या. कोमट पाण्याने गंध सुटलं, फडक्याने पोलाद कोरडं झालं, तेलाचा हात फिरला. मामांच्या बंदुकीची तीच जागा उघडायला कारागीर कानपूरहून बोलवावा लागतो, हे विजयने स्वतःहून सांगितलं. सुभाषरावांनी बाहेर उजेड पाहिला, घड्याळ पाहिलं, शेवटी कांचनकडे पाहिलं.

"सूर्य मावळायच्या आत पुन्हा परीक्षा," ते म्हणाले. "पाच चकत्या. एक जरी बार अडला तरी मामांची बंदूक. आणि हे मी चिटणीस म्हणून बोलतोय, कोणी शिरा आणू नका."

सगळे मैदानावर गेले. पोरं आधीच लिंबाखाली होती. विजय यंत्रापाशी बसला. लीलावतीबाई शेजारणींच्या घोळक्यापासून दूर, मास्तरांशेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली.

पहिली चकती उडाली. धाड्! चकती तशीच पुढे गेली. कांचन चुकली होती.

"बार तर उडाला," सुभाषराव म्हणाले. "चुकण्याविषयी नियम नाही."

कांचनने खांदे सैल केले, डोळे मिटले, बंदूक खांद्याला लावली आणि डोळे उघडले. "सोड."

धाड्! चकतीची भुकटी झाली. पुढची फुटली. त्यापुढची दोन तुकडे होऊन पडली. पाचवी उतरत्या उन्हात वर गेली, वाऱ्याने जरा डावीकडे वळली, आणि दुसऱ्या नळीने तिला अगदी टोकावर गाठलं.

पोरांनी एकच कल्ला केला. मन्नान खाँनी टोपी काढून छातीशी धरली. "घेतली," सुभाषराव म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

कांचनने बंदूक उघडून रिकामी केली आणि आईकडे पाहिलं. लीलावतीबाईंची बोटं कानांतून कधीच निघाली होती. शेजारणी बघत होत्या. त्यांना बघू देत लीलावतीबाई पदर खोचत यंत्राकडे तोंड करून खणखणीत आवाजात ओरडल्या, "अरे विजय, थांबलास कशाला? उजेड आहे अजून. आणखी एक उडव!"